पहिलं आवतण

मोहनरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, छबूबाईंची टाच आपल्या मांडीवर घेतली आणि सेफ्टी पिनेचं टोक काट्याच्या कडेनं हळूच आत सरकवलं. काटा डाळिंबाचा होता आणि चांगला खोल मोडला होता.

"हालू नगं."

"मी कुठं हालतीय? तुमचाच हात हालतोय."

हात हलत होता हे खरं. ऑपरेशन झाल्यापासून उजवा हात बारीकसारीक कामाला असाच नाटकं करायचा. दोनदा पिन चुकली, दोन्ही वेळा छबूबाईंनी दात आवळले, पण पाय काही ओढून घेतला नाही. शेवटी काटा वर आला. मोहनरावांनी तो बोटावर घेऊन त्यांना दाखवला, जणू काही शेतात विहीर खणून पाणी काढलं होतं. त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि जखमेवर हळद दाबून त्या उठल्या. अनवाणीच उठल्या आणि अनवाणीच गोठ्याकडे गेल्या. चैत्रातलं ऊन सकाळी नऊलाच अंगणात उतरलं होतं. शहाबादी फरशी आत्ताच तापायला लागली होती.

त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मोहनरावांना बोलून घ्यायची सवय होती, उलटून बोलायचीही होती. पण दोन महिने झाले, छबूबाई त्या विषयावर एक अक्षर काढत नव्हत्या आणि त्यांच्या टाचा मात्र रोज समोरून जात होत्या.

दोन वर्षांपूर्वी मोहनरावांच्या छातीत कळ आली, तेव्हा सणसरहून बारामतीला गाडीत नेताना त्यांची शुद्ध हरपली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहून छबूबाईंनी पदर पसरला आणि आपल्या रानातल्या पीराला सांगितलं, ह्यांना स्वतःच्या पायांनी घरी येऊ दे, तुझी कंदुरी करीन, आणि तोवर पायात काही घालणार नाही. मोहनराव स्वतःच्या पायांनी घरी आले. पहिल्या वर्षी भावकीत एका मागोमाग एक सुतकं पडली. दुसऱ्या वर्षी डाळिंबाचा हंगाम आडवा आला. यंदा माघात नक्की करायचं ठरलं होतं, आणि माघातच ती सभा झाली.

सभा गोकुळनं बोलावली होती. गोकुळ हा मोहनरावांचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी धाकटा. भावकीत दोन पात्या. थोरल्या पातीचे कर्ते मोहनराव, धाकटीचा गोकुळ. मोहनरावांची मुलगी रोहिणी हिच्या लग्नापर्यंत सगळं ठीक होतं. त्या लग्नाच्या पत्रिकेत गोकुळचं नाव 'आपले नम्र'च्या यादीत सातव्या ओळीत गेलं. छापणाऱ्याची चूक होती की मोहनरावांच्या मनात काही होतं, ते आता मोहनरावांनाही नीट आठवत नसे. गोकुळ लग्नाला आला, पंगतीत वाढप केलं, नवरीला निरोप देताना रडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं मोहनरावांना 'दादा' म्हणणं सोडलं. पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो समोरच्या पॅनलमध्ये उभा होता. गेली दहा वर्षं एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचं, असं चाललं होतं.

त्या सभेत मारुतीच्या देवळासमोर गोकुळ उठला आणि म्हणाला, "यंदा जत्रंतल्या बोकडाला मुलाण्याचा हात नगं."

सणसरात जत्रा असो, लग्नाचा गोंधळ असो, बोकड कापायचा मान पिढ्यानपिढ्या मुलाण्यांच्या घराकडे, पाळीपाळीनं. मुलाण्यांचं आणि गोकुळचं भांडण नव्हतं. असलं भाषण त्यानं कुठंतरी ऐकलं होतं आणि त्याला टाळ्या पडतात हे बघितलं होतं. इथंही पडल्या. मोहनराव समोरच्या सतरंजीवर बसले होते. मुलाणी त्यांच्या मनात अजिबात नव्हते. मनात एकच गोष्ट होती, टाळ्या गोकुळला पडल्या. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"जत्राच काय घेऊन बसलाय? आपल्या भावकीतल्या एकाबी दारात मुलाण्याचं पाऊल पडता कामा न्हाय. ज्याच्या दारात पडंल, त्याच्याशी आपला रोटीव्यवहार बंद!"

गोकुळपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. मोहनराव छाती फुगवून घरी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. छबूबाईंनी भाकरी वाढली, कोरड्यास वाढलं आणि विचारलं,

"मग पीराची कंदुरी कोण करणार?"

मोहनरावांचा घास हातातच राहिला. ते विसरले होते. बायकोनं आपल्या जिवासाठी बोललेला नवस ते भर सभेत साफ विसरले होते. पीराच्या नावाचा बोकड मुलाण्यानंच कापायचा, फातिहा त्यानंच म्हणायची, आणि मग भावकीनं मांडीला मांडी लावून जेवायचं, ही कंदुरी. मुलाणी नसेल तर ते नुसतं मटण.

इकडे हे झालं, तर तिकडे मुलाण्यांच्या आळीत काही वेगळं घडलं नाही. फकीर मुलाणी मोहनरावांच्या वर्गातला, जन्माचा दोस्त, मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. त्याचा पुतण्या अफजल चाळिशीचा, चलाख, आणि त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. पुढच्या जुम्याला नमाजानंतर अफजल म्हणाला, आता त्यांनी बोलावलं तरी जायचं नाही. पुतण्या एवढं बोलला म्हटल्यावर चुलत्याला खाली राहून कसं चालेल? फकीर म्हणाला, जायचं तर नाहीच, पण त्या भावकीशी बोलायचंही नाही आणि त्यांच्या बांधावरून चालायचंही नाही. फकीरच्या रानाची वाट नेमकी मोहनरावांच्या बांधावरून होती. तेव्हापासून तो रोज पाटाच्या कडेनं मोठा वळसा घालून स्वतःच्या रानात जात होता. मोहनराव डाळिंबाच्या झाडाआडून त्याला जाताना बघत आणि मनात म्हणत, जा, जा, तंगड्या मोड.

आणि मग दिवसभर त्यांना काही गोड लागत नसे.

---

गुरुवारी बारामतीला हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. मोहनराव एसटीनं गेले, नंबर घेतला, बाकावर बसले. बेचाळीस नंबर. एक खुर्ची सोडून एक्केचाळीस नंबर बसला होता, आणि तो फकीर होता. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांनीही समोरच्या भिंतीवरची धूम्रपानबंदीची पाटी अगदी मन लावून वाचायला घेतली.

आतून आलेल्या नर्सबाईंनी कागद चाळले. "सणसरचे दोघं आहेत. एकत्रच आलात का, आजोबा?"

"न्हाय!" दोघंही एकदम म्हणाले.

नर्सबाई हसून गेल्या. मग फकीर उठला, जिन्यापर्यंत गेला, खाली वाकून बघितलं, औषधांच्या दुकानाकडे डोकावला, परत आला आणि मधल्या खुर्चीवर बसला.

"मोहन्या, हितं गावचं कुणी न्हाय. समदं बघून आलो."

"मी आल्या आल्याच बघितलं," मोहनराव म्हणाले. "डॉक्टरला एक तास हाय. चल, च्या पिऊ."

कँटीनमध्ये एकाला साखर बंद आणि दुसऱ्याला मीठ बंद. दोघांनी एक प्लेट कांदाभजी मागवली आणि घरी सांगायचं नाही असं ठरवलं.

"वहिनी अजून अनवाणीच हाय?" फकीरनं विचारलं.

"हाय."

"आमची सुरैय्या रोज इचारती. परवा पाटाच्या पुलावर वहिनी भेटली तिला. डांबर निस्तं पेटलेलं. तर सुरैय्यानं आपल्या चपला काढून हातात घेतल्या आन् वहिनीच्या बरुबर चालली, पार फाट्यापातूर. बोलल्या न्हाईत दोघी. ठराव हाय ना."

मोहनरावांनी भजं खाली ठेवलं. छबूबाईंनी हे घरी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलंही नाही, रुमालानं पुसलं.

"फकिरा, तुझ्या घराला मी लई वाईट बोललो."

"बोललास. मला व्हिडिओवर ऐकवलं पोरांनी." फकीरनं बशीतला चहा फुंकला. "मी बी काय कमी बोललो का? तुझ्या बांधावरनं गेलं तर माणूस बाटतो म्हणालो. चार पिढ्या त्या बांधावर न्याहारी केली आमी."

एवढं बोलून झालं आणि प्रकरण संपलंच. दोन महिने जो दगड छातीवर ठेवून दोघं हिंडत होते, तो अर्ध्या कप चहात खाली उतरला. मोहनरावांना एकदम हुरूप आला. ते पुढे झुकले.

"आसं कर. तुझ्या रानात, दिवस उगवायच्या आत. एक बोकड, तू, मी आन् छबू. फातिहा म्हण, हातावर घास घालू, मिटलं."

फकीर मान हलवत राहिला. "यंदा मुलाणकीची पाळी अफजलची हाय. त्याच्या पाळीत मी सुरा धरला तर त्यो चोर म्हणंल मला, आन् खरं म्हणंल. आन् वहिनीला इचारलंस का?"

मोहनरावांनी तिथूनच फोन लावला. छबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज इतका मोठा आला की फकीरलाही स्पष्ट ऐकू गेला.

"मी नवस व्हरांड्यात उभ्यानं बोललीय, चारचौघांत. चोरून फेडायची न्हाय. आन् पहिलं आवतण धाकट्या पातीला, घरच्या कर्त्यानं सोता जाऊन. तुमच्या आईनं तसंच केलं, आजीनं तसंच केलं. गोकुळभावजी पंगतीला बसल्याबगर माझा नवस फिटला आसं मी म्हणायची न्हाय. आन् भजी खाऊ नगा."

फोन बंद झाला. दोघांनी प्लेटकडे बघितलं.

"कसं कळलं तिला?"

"त्यांना कळतं," फकीर म्हणाला. "मग? जाशील गोकुळकडं?"

"मरून जाईन, पण त्याच्या दारात..."

"तसं म्हणू नगं. तू मरू नये म्हणून तर वहिनी अनवाणी चाललीय."

मोहनरावांनीही टोचायचं म्हणून विचारलं, "तू जाशील का अफजलकडं पाळी मागायला?"

फकीरचा चेहरा आक्रसला. "पुतण्या हाय. त्यानं यावं."

अफजलचा बाप वारला तेव्हा त्याची पाळी वर्षभर फकीरनंच सांभाळली होती, ती परत देताना चारचौघांत म्हणाला होता, पोर अजून कच्चं हाय. अफजल ते विसरला नव्हता. मोहनरावांना हे सगळं ठाऊक होतं. गोकुळचं फकीरला ठाऊक होतं. दोघे चहाचे रिकामे कप समोर घेऊन बसले. एकमेकांची माफी मागायला त्यांना पाच मिनिटं लागली नव्हती. आता ज्यांच्याकडे जायचं ते दोघं त्यांच्याच घरचे होते, त्यांच्याच रक्ताचे, आणि तिथं पाय उचलत नव्हता.

"अफजलला ट्रॅक्टर मी शिकवला," मोहनराव स्वतःशीच म्हणाले.

"आन् गोकुळला पवायला मी. पाटात. पाठीला भोपळा बांधून. बुडाला की माज्या गळ्याला मिठी मारायचा."

दोघांनी एकाच वेळी वर बघितलं.

"मी तुझ्या अफजलकडं जातो," मोहनराव म्हणाले. "तू माझ्या गोकुळकडं जा."

वर कुणीतरी एक्केचाळीस नंबर पुकारत होतं. त्या दिवशी दोघांचंही ब्लडप्रेशर जास्त निघालं. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं, तेव्हा दोघंही खोटं बोलले.

---

अफजल घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिकअपचं टायर बदलत होता. मोहनरावांना बघून तो उठला, हात पुसले, पण या म्हणाला नाही. त्याची मुलगी सुहाना आतून खुर्ची घेऊन आली, तांब्याभर पाणी घेऊन आली, आणि मोहनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिनं नेहमीसारखी मानही वाकवली. त्यामुळे अफजलचा नाइलाज झाला. बापाच्या परवानगीविना लेकीनं पाहुण्याला बसवून घेतलं होतं.

"आबा, ठरावात बसतं का हे? तुमी माझ्या दारात."

"ठरावात मुलाण्याचं पाऊल आमच्या दारात पडू नये, आसं हाय. माझं पाऊल तुझ्या दारात पडू नये, आसं मी म्हणालो न्हाय."

अफजलला हसू आलं असतं, पण त्यानं येऊ दिलं नाही. तो उकिडवा बसून पुन्हा टायरचे नट आवळू लागला.

"मी बारका हुतो, आबा. तुमी मला पुढ्यात बसवून, माजा हात तुमच्या हातात धरून स्टेअरिंग फिरवलं. चारीत गेला ट्रॅक्टर तरी हात सोडला न्हाई. मग त्याच हाताला तुमी भर सभेत नगं म्हणालात. चाचाला म्हणालात तर म्हणा, त्यांचा तुमचा हिशेब लहानपणापासनं हाय. माज्या हातानं काय केलं हुतं?"

मोहनरावांनी उत्तर तयार करून आणलं होतं. गोकुळ आधी बोलला, मला बोलावं लागलं, राजकारण असतं, असं बरंच काही होतं. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना.

"काय बी न्हाय. माझं चुकलं, अफजल," ते म्हणाले.

म्हणायला फार जड जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. शब्द घशातून सरळ बाहेर आले. अफजलनं पाना खाली ठेवला. काळी झालेली बोटं एक एक करून पुसली.

"पाळी माजी हाय. कंदुरी मीच करणार," तो म्हणाला. "पण चाचांनी यावं. घरात यावं, बसावं, आन् म्हणावं की तू कच्चा न्हाईस. चारचौघांत नगं. माज्या आईपुढं म्हणलं तरी बास."

"सांगतो."

मोहनराव उठले, पायताण शोधू लागले. अफजल मागून म्हणाला,

"आबा, गोकुळतात्यांना म्हणालात का कवा असं? चुकलं म्हणून?"

मोहनरावांना पायताण दिसत नव्हतं. ते पायाशीच होतं, तरी दिसत नव्हतं. सुहानानं ते सरळ करून पुढे ठेवलं तेव्हा कुठे ते दारातून बाहेर पडले.

---

अफजलची अट मोहनरावांनी रात्रीच फोनवर फकीरला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठिबकच्या नळ्या तपासत होते. मान वर केली तर फकीर बांधावरून येत होता. वळसा न घालता, सरळ. दोन महिन्यांत बांधावर गवत वाढलं होतं, ते तुडवत आला आणि लिंबाखाली बसला.

"अफजलकडं जाऊन आलो मी. आत्ताच."

"म्हणालास?"

"म्हणालो. भाभीपुढं म्हणालो. म्हणलं, कच्चं पोर न्हवतं, मीच भ्यालो हुतो, पाळी गेली तर मला कोण इचारणार म्हणून." फकीरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "रडला की रं. एवढा दाढीवाला बाप्या. माज्या गळ्यात पडून रडला. अध्यक्षपद काय सोडणार न्हाय म्हणाला, पण रडला."

मोहनराव हसले. मग हसू संपलं. "आन् गोकुळ?"

फकीरनं लिंबाची एक काडी मोडली, तिची साल काढत बसला.

"राजेश्वरी वहिनीनं च्या केला. गोकुळनं मला पलंगावर बसवलं, सोता खाली बसला. म्हणाला, फकीरभाई, मुलाण्याशी माझं काय वाकडं हाय? मी म्हणलं, मग बोललास का? तर..." फकीर थांबला. "जसं म्हणाला तसं सांगतो. म्हणाला, मी बोललो तवा मला वाटलं, आता दादा उठंल. उठून माझ्यावर डाफरंल, खाली बस म्हणंल, थोरला म्हणून कान धरंल. दहा वर्सांत कवा तरी धरंल. उठला त्यो. पण मला गप करायला न्हाय, माझ्याफुडं दोन पावलं जायला उठला. मग मी मागं कुणाकडं बघून फिरू?"

ठिबकच्या नळीतून पाण्याचा बारीक आवाज येत होता. मोहनराव उभ्याचे खाली बसले. त्यांना सभा आठवली, सतरंजी आठवली, गोकुळचा चेहरा आठवला. बोलून झाल्यावर गोकुळनं त्यांच्याकडेच बघितलं होतं. त्या बघण्याला त्यांनी आव्हान समजलं होतं. दहा वर्षं तो जे जे बोलला त्या सगळ्याला त्यांनी तेच समजलं होतं.

"तू दारात यावंस म्हणाला," फकीर उठत म्हणाला. "आलास तर दार लावणार न्हाय म्हणाला. माझं काम झालं. आता तुझा नंबर."

---

दोन घरांमध्ये एक बोळ होती आणि बोळीत चाळीस पावलं. मोहनरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला टोपी घातली. छबूबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी टोपी तेवढी सरळ केली.

गोकुळ ओट्यावर पाइपचं बंडल उलगडत बसला होता. त्यानं बघितलं आणि पाइप ओढतच राहिला. मोहनराव पायरीखाली उभे राहिले. उन्हात उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

"कंदुरी करायची हाय पीराची. छबूच्या नवसाची," ते म्हणाले. "पहिलं आवतण धाकट्या पातीला. समद्यांनी यायचं."

"आन् ठराव? रोटीव्यवहार बंद म्हणाला कोण?"

"मीच."

"मग?"

मोहनरावांना काल अफजलपुढे जे सहज म्हणता आलं होतं, ते म्हणायचं होतं. ते म्हणायलाच आले होते. तोंड उघडलं, आणि शब्द घशातच बसून राहिला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग जे बाहेर आलं ते वेगळंच होतं.

"तू बोललास तवा मी तुला दटवायला पायजे हुतं."

गोकुळचे हात थांबले. पाइपचं एक वेटोळं त्याच्या मनगटावरून सुटून ओट्यावर पडलं.

"व्हय," तो म्हणाला. "पायजे हुतं."

गोकुळची बायको राजेश्वरी दाराआड उभी होती. ती आत गेली आणि आतून कपबशांचा आवाज आला.

"ठराव तू मोड," मोहनराव म्हणाले. "उद्या सभा बोलाव. तूच उठ. थोरल्या पातीचं चुकलं म्हण, मुलाण्याचा मान मुलाण्याला म्हण. टाळ्या तुला पडू देत. मी समोर बसून ऐकीन."

गोकुळनं डोळे बारीक केले. ह्यात डाव कुठं आहे ते तो बराच वेळ शोधत होता. दहा वर्षांत मोहनरावांनी त्याला काही दिलं होतं असं त्याच्या आठवणीत नव्हतं.

"आन् मी बोलल्यावर तुमी उठलात तर? माझ्यापरीस आनखी मोठं काय तर बोललात तर?"

"उठणार न्हाय."

"तुमाला जमायचं न्हाय ते."

"न्हाय जमलं तर माझं धोतर धरून खाली बसव."

गोकुळच्या मिशा हलल्या. त्यानं ओट्यावरचे पाइप बाजूला सारले, जागा केली. मोहनराव पायरी चढून बसले. सावलीत आल्यावर त्यांना कळलं, अंगातला सदरा घामानं भिजला होता.

"फकीरभाईला निरोप मी धाडणार," गोकुळ म्हणाला. "कंदुरी कवा, बोकड कुठला, पंगत कुठं, समदं मी ठरवणार."

"तूच ठरव."

"मुलाण्यांची समजूत बी मीच काढणार. त्यो अफजल लई तापलाय."

"काढ. तुझंच ऐकतील."

गोकुळनं आत बघून हाक मारली, "दादाला बिनसाखरेचा कर गं."

मोहनरावांनी टोपी काढली आणि ती उगाच झटकली.

ते घरी आले तेव्हा छबूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"येतो म्हणाला?"

"फकीरकडं त्योच निरोप धाडणार हाय. समदं त्योच ठरवणार. मुलाण्यांची समजूतबी त्योच काढणार."

"आन् फकीरभावजींना अजून ठाऊक न्हाय व्हय?"

"न्हाय. त्याला काय बी ठाऊक न्हाय."

"अफजलला?"

"त्याला बी न्हाय."

छबूबाईंनी ओठ दाबून धरले. पण हसू डोळ्यांत आलंच.

"आन् तुमाला?"

मोहनराव त्यांच्या शेजारी सावकाश खाली बसले. सूप पुढ्यात ओढलं आणि हलत्या हातानं तांदळातला एक खडा शोधू लागले.

"मला तर अजिबात न्हाय," ते म्हणाले. "मला उद्या सभेत कळंल."